अपुऱ्या दिवसांचे बाळ

‘सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही,’ असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगतात. हा समज खरा नाही. पोटातला एकेक आठवडा बाळाला बळ देतो. म्हणून सातमाशापेक्षा अठमाशाला जगण्याची आशा जास्तच असते.

३७ आठवडे पुरे झाले की बाळाचे दिवस भरले असे डॉक्टर मानतात. २८ आठवड्यांच्या, म्हणजे साधारण साडेसहा महिन्यांच्या आत जन्मलेले बाळ फारच अपुऱ्या दिवसांचे. वजन जेमतेम किलोभर, कधी त्याहूनही कमी. नाक, डोळे, बोटे सारे जागच्या जागी असते. पण आत दोन कामे अर्धीच राहिलेली असतात.

पहिले काम फुप्फुसांचे. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना कशा चिकटतात, ते आपण पाहतो. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांचेही तसेच होते. ते चिकटू नयेत म्हणून आत एक बुळबुळीत द्रव्य तयार होते. फार लवकर आलेल्या बाळात ते पुरेसे नसते. मग प्रत्येक श्वासाला छाती आत ओढली जाते, बाळ कण्हते, निळे पडते. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. आज हे द्रव्य औषध म्हणून नळीने फुप्फुसात सोडता येते.

दुसरे काम काळजाजवळचे. पोटात असताना बाळाची फुप्फुसे श्वासाचे काम करीत नाहीत. म्हणून बरेचसे रक्त त्यांना टाळून एका छोट्या वाहिनीतून पुढे जाते. दिवस भरलेल्या बाळात ही वाहिनी दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उघडीच राहू शकते. पाटाचे दार न मिटल्यास एक वाफा तुंबतो आणि पुढचा कोरडा राहतो, तसे फुप्फुसांत रक्त जास्त होते आणि बाकीच्या अंगाला कमी पडते. काहींची वाहिनी पुढे आपोआप मिटते, काहींना औषध लागते, क्वचित शस्त्रक्रिया.

यावरचा मोठा उपाय मेंढ्यांमुळे सापडला. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स गाभण मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. फार लवकर जन्मलेले, जगण्याची आशा नसलेले एक कोकरू श्वास घेताना त्यांना दिसले. आधी दिलेल्या स्टेरॉइड औषधाने त्याची फुप्फुसे लवकर तयार झाली होती. १९७२ साली त्यांनी आणि डॉक्टर हॉवी यांनी हा गुण माणसांतही दाखवून दिला. आज लवकर कळा लागलेल्या आईला डॉक्टर ही सुई देतात. मात्र तिचा पुरा गुण यायला साधारण एक दिवस लागतो.

म्हणूनच वेळेचे मोल फार आहे. दिवस भरण्याआधी पोटात कळा आल्या, पाणी गेले किंवा अंगावर रक्त गेले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. आशाताईंना कळवा, १०८ क्रमांकावर फोन करा, आणि नवजात बाळांचा खास कक्ष असलेले रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत. बाळ जन्मल्यावर त्याला गाडीतून धावपळ करीत नेण्यापेक्षा ते आईच्या पोटातच असताना तिला नेणे कितीतरी सुरक्षित.

बाळ रुग्णालयातून घरी आले तरी त्याची फुप्फुसे नाजूकच असतात. चुलीचा धूर, विडीचा धूर आणि सर्दी-खोकला झालेली माणसे त्याच्यापासून दूर ठेवा. लसी वेळेवर द्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईने, आजीने किंवा बापानेही बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. या कामाला पैसा लागत नाही, पण घरातल्या सगळ्यांचे हात लागतात.