टोपलीभर माती

छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. बूढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा अशा पाऱ्यांनी जुनं रायपूर वसलेलं आहे. बूढा तलावाकाठच्या बूढापाऱ्याची ओळख बाहेरच्यांना होते ती स्वामी विवेकानंदांमुळे. 1877 मध्ये त्यांचे वडील विश्वनाथ दत्त कुटुंबासह रायपूरला आले, तेव्हा किशोरवयीन नरेंद्र इथल्या डे भवनात राहिला होता. तलावालाही आता विवेकानंद सरोवर म्हणतात. पण याच पाऱ्यात एक शाळा आहे आणि मराठी माणसाने तिच्या फाटकावरचं नाव थांबून वाचायला हवं. ते नाव माधवराव सप्रे यांचं.

सप्रे 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मले. घरात मराठी, लिहिणं हिंदीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला आणि त्यामागून मराठी घरं इकडे रुजली. रायपूरचे वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांतलेच. या दोघांच्या साथीने सप्र्यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. ते जेमतेम तीन वर्षं चाललं.

एप्रिल 1901 मध्ये त्याच मासिकात दोन पानांची एक गोष्ट आली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचं आवार वाढवायचं असतं आणि शेजारी एका विधवेची झोपडी आड येत असते. त्याच झोपडीत तिचा नवरा गेला, एकुलता मुलगा गेला, सूनही पाच वर्षांची पोर मागे ठेवून गेली. जमीनदार वकील लावून कोर्टातून झोपडी मिळवतो. म्हातारी नातीला घेऊन शेजारपाजारी आसऱ्याला जाते, पण पोर जेवत नाही. भाकरी खाईन तर आपल्या घरातच, हा तिचा हट्ट. मग म्हातारी टोपली घेऊन येते. झोपडीतली टोपलीभर माती न्यायची परवानगी मागते. त्या मातीची चूल घातली तर पोर जेवेल, एवढीच तिची आशा. टोपली उचलायला जमीनदाराचा हात मागते आणि त्याला ती उचलत नाही. एवढ्याशा मातीचा भार पेलत नाही, तर या जागेतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असं ती विचारते. जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो.

जमीनदाराचं हे मन पालटणं मला पटत नाही. ते कीर्तनातल्या आख्यानाच्या शेवटासारखं होतं. पण जेवायला नकार देणारी पोर विसरता येत नाही. तीन माणसं गेल्यावर त्या घरात उरलं काय, तर चूल. म्हातारी न्याय मागत नाही, चुलीपुरती माती मागते. शोक इतक्या साध्या वस्तूत ठेवणं फार थोड्यांना जमतं. आणि ही गोष्ट हवेतून आलेली नाही. 1896-97 आणि 1899-1900 अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. कर्ती माणसं जाऊन आजी आणि नात एवढंच उरलेलं घर त्या वाचकांना शोधायला लागलं नसेल.

हिंदीत ही गोष्ट अनेक वर्षं विस्मरणात होती. 1968 मध्ये देवीप्रसाद वर्मा यांनी ‘सारिका’ मासिकातून ती पुढे आणली आणि हिंदीची पहिली कथा कोणती, हा वाद पेटला. तो वाद हिंदीवाल्यांनी सोडवावा. मला खंत वेगळी आहे. मराठी घरातल्या लेखकाची ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत, कथासंग्रहांत कुठे आहे?

घर आणि माणूस यांची ओढाताण पुढे सप्र्यांच्याच वाट्याला आली. 1907 मध्ये नागपुरात त्यांनी टिळकांच्या विचारांचं ‘हिंद केसरी’ हे पत्र सुरू केलं. ऑगस्ट 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. थोरले भाऊ बाबूराव यांनी जीव देण्याची भाषा केली, असं चरित्रकार सांगतात. सप्र्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. ती सही त्यांना आयुष्यभर सलत राहिली. सुटल्यावर त्यांनी रामदासी पंथाचा आश्रय घेतला, मधुकरी मागून दिवस काढले. पुढे दासबोध हिंदीत नेला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ही नेलं, त्याची हिंदी आवृत्ती 1916 ची. या सहीसाठी त्यांना भित्रं म्हणणारे आजही भेटतात. मी म्हणणार नाही. भावाच्या जिवापुढे कोणाचा निश्चय टिकला असता?

मराठी घर आणि हिंदी लेखणी ही जोडी त्यांच्यापाशी थांबली नाही. रायपूरहून सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून शिकवत होते. सप्टेंबर 1964 मध्ये ते गेले, आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी, त्यांच्या हाती न पडताच निघाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतच लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’, ‘यात्रिक’ त्यांचे. एका आईची दोन मुलं दोन भाषांतले मोठे कवी झाले. शरच्चंद्रांना आपण आपलं म्हणतो आणि गजाननांना हिंदीचे म्हणून सोडून देतो. ही वाटणी मला मान्य नाही.

सप्रे 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरातच वारले. भोपाळला त्यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय 1984 पासून उभं आहे; जुनी मासिकं, वर्तमानपत्रं, हस्तलिखितं तिथे जतन होतात. रायपूर, बिलासपूर, राजनांदगावच्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांची पत्रं, वह्या, जुने अंक अजून ट्रंकेत असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. त्या संग्रहालयाला कळवा.