पिंजऱ्याचे माप

बंगळुरूच्या विमानतळाचा रस्ता सोडून दोड्डबळ्ळापूरकडे वळले, की द्राक्षबागांचा प्रदेश लागतो. तेथील एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये मी मध्यंतरी पैदाशीचे ससे पाहिले. विक्रेत्याने त्याला एक ‘युनिट’ दिले होते: सात माद्या, तीन नर आणि त्यांच्यासोबत तारेच्या जाळीचे पिंजरे. पिंजऱ्याची उंची जेमतेम दीड फूट. शेड स्वच्छ होते, पाणी वेळेवर मिळत होते, आणि माणूस प्रेमळ होता. उणे होते ते पिंजऱ्यात, आणि पिंजरा काही त्याने आखलेला नव्हता.

सशाच्या मादीचे मातृत्व आपल्या कल्पनेपेक्षा निराळे असते. विण्यापूर्वी ती पोटावरचे केस उपटून बिळात मऊ अंथरूण करते. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. रानातली मादी त्यांच्यापाशी बसून राहत नाही. दिवसातून बहुधा एकदाच येते, तीन-चार मिनिटे दूध पाजते, आणि बिळाचे तोंड मातीने बुजवून निघून जाते. हा निष्काळजीपणा नव्हे. तिच्या वासाने शिकारी प्राणी पिल्लांपर्यंत पोहोचू नये, म्हणून ही दूरता. आता हीच मादी पिंजऱ्यात ठेवा. पिल्लांची पेटी हातभर अंतरावर, तिला दार नाही, बुजवायला माती नाही, आणि मादीला दूर जायला जागा नाही. पिल्ले मोठी होऊन पेटीबाहेर आली, की ती दिवसभर तिच्यामागे लागतात. जाळीवर सतत बसून मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात, त्या वेगळ्याच. कान उभे करून, मागच्या पायांवर ताठ होऊन चहूकडे पाहणे ही सशाची उपजत सवय. दीड फुटात तीही पुरी होत नाही.

आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमानुसार, प्राण्याला हालचालीची वाजवी संधी देण्याइतकी लांबी, रुंदी आणि उंची नसलेल्या पिंजऱ्यात त्याला कोंडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! एवढ्या पैशांत बंगळुरूत धड नाश्ताही होत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कलम सांगत नाही. कोंबड्यांच्या बाबतीत विधि आयोगाने जुलै २०१७ मध्ये २६९ वा अहवाल देऊन नियमांचा मसुदा तरी मांडला. सशाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

युरोपात या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. पिंजराबंदीच्या मागणीवर तेथे सुमारे १४ लाख नागरिकांनी सह्या केल्या. युरोपीय आयोगाने जून २०२१ मध्ये कायदा सुचवण्याचे आश्वासन दिले. २०२३ सरले तरी तो प्रस्ताव आला नाही. आश्वासनांच्या बाबतीत ब्रुसेल्स आणि दिल्ली यांच्यात फारसे अंतर नसावे. पण तेथील अनुभवातून एक गोष्ट निश्चित शिकता येते. पिंजरे काढून माद्या एकत्र सोडल्या, की प्रश्न सुटतो असे नाही. माद्या एकमेकींशी भांडतात, चावतात, प्रसंगी दुसरीची पिल्लेही मारतात. म्हणून ‘पिंजरा हटवा’ ही घोषणा मला अपुरी वाटते. मादीला हवी असते ती संगत आणि एकान्त यांतली निवड.

ती निवड देणे फार खर्चाचे नाही. जाळीवर प्लॅस्टिकची सपाट पट्टी बसवली, की पायांना विसावा मिळतो. उंची वाढवून आत एक फळी ठेवली, तर पिल्लांपासून सुटका करून घ्यायला मादीला वरचा मजला मिळतो. पेटीला सरकते दार लावून दिवसातून एकदाच उघडण्याची रीतही आहे. माती लोटण्याचे काम मग शेतकऱ्याचा हात करतो. बंगळुरूच्या सौम्य हवेतही उन्हाळ्यात पत्र्याखाली ससे धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही. छपरावर गवताची शाकारणी केली तरी फरक पडतो.

हे सारे त्या शेतकऱ्याला सांगितले, तेव्हा त्याने एकच विचारले: मग युनिटसोबत असा पिंजरा का देत नाहीत? शेळ्या-मेंढ्या आणि ससे यांच्या एकात्मिक विकासाची योजना केंद्राने नाबार्डमार्फत एकदा राबवली आहे. अशा योजनेत अनुदानाच्या अटी म्हणून पिंजऱ्याची उंची, फळी आणि पेटीचे दार नमूद करता येते. विक्रेते मग तसेच पिंजरे बनवतील, कारण दुसरे खपणार नाहीत.