हेल्मेटमधला थर्माकोल नेमकं काय करतो?

हेल्मेट विकत घेताना बरेच जण वरचं कवच बोटांनी ठोकून बघतात. आवाज टणक आला की समाधान होतं. पण जीव वाचवण्याचं मुख्य काम करतो तो आतला थर्माकोल, आणि दुकानात त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

थोडं गणित करू. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण १.६ मीटर उंच असतं. तिथून ते खाली आलं, तर रस्त्यावर आपटताना त्याचा वेग सेकंदाला ५.६ मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर. खाली पडण्याचा हा वेग गुरुत्वाकर्षणाने येतो. त्यासाठी गाडी पळत असायची गरज नाही, ती सिग्नलला उभी असली तरी पुरे. ‘कोपऱ्यावर दूध आणायलाच तर चाललोय’ ही सबब इथेच संपते.

डोक्याचं वस्तुमान ५ किलो धरू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. ५ गुणिले ५.६, म्हणजे २८. डोकं थांबताना हे २८ शून्यावर येणारच, हेल्मेट असो वा नसो. संवेगातल्या या बदलाला आवेग म्हणतात, आणि आवेग म्हणजे बल गुणिले वेळ. गुणाकार ठरलेला असल्यामुळे वेळ दहापट वाढवला, की सरासरी बल एक दशांश होतं.

उघडं डोकं डांबरावर आपटलं, तर त्वचा आणि हाड मिळून जेमतेम तीनेक मिलिमीटर दबतात. थांबायला वेळ मिळतो सेकंदाचा हजारावा भाग. २८ भागिले ०.००१, म्हणजे बल २८,००० न्यूटन. जवळजवळ तीन टन वजनाइतकं! आता मध्ये थर्माकोल आहे आणि तो २८ मिलिमीटर चिरडला गेला असं समजा. वेळ सेकंदाचा शंभरावा भाग होतो आणि बल २,८०० न्यूटनवर येतं. तेही कमी नाही, पण कवच ते डोक्याच्या मोठ्या भागावर पसरवतं. आकडे ढोबळ आहेत. फरक मात्र खरा आहे.

मग थर्माकोलऐवजी मऊ स्पंज का नको? तो क्षणात पूर्ण दबतो आणि उरलेला धक्का जसाच्या तसा डोक्याला बसतो. रबर? ते डोकं उलट उडवेल. २८ चा संवेग शून्यावर न थांबता उलट दिशेने २८ कडे जाऊ लागला, तर आवेग दुपटीकडे जातो. थर्माकोल चिरडतो आणि बराचसा तसाच राहतो. उसळी जवळजवळ देत नाही. अशा धक्का शोषणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड यांना १९५३ मध्ये मिळालं.

म्हणूनच अपघातात जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलावं. चिरडलेला भाग दुसऱ्यांदा तेवढा दबत नाही. रस्त्याकडेला मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटमध्ये नुसतं कापड आणि पातळ स्पंज असेल, तर थांबायचा वेळ उघड्या डोक्यापेक्षा फारसा वाढत नाही. घेताना आयएसआय शिक्का आणि त्याच्या वरचा आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटसाठी तो सक्तीचा आहे.

आणि पट्टा लावा. हेल्मेटलाही स्वतःचा संवेग असतो. पट्टा सुटा असेल, तर ते डोक्याच्या आधीच आपल्या वाटेने निघून जाईल.