इंजिनाचा श्वास आणि पेट्रोलचे माप

गाडीच्या इंजिनाची शक्ती वाढवू पाहणारा मनुष्य प्रथम हात घालतो तो हवेच्या वाटेला. कॅमशाफ्ट बदलून झडपा अधिक उंच आणि अधिक वेळ उघड्या ठेवल्या जातात, सिलिंडर-हेडमधील वाटा घासून गुळगुळीत केल्या जातात, धूर बाहेर नेणारी नळी मोकळी केली जाते. एवढे झाल्यावर गाडी मधल्या वेगात झकास पळते. परंतु पाय पूर्ण दाबला आणि फेरे चढत गेले, की कोठेतरी तिचा जोर ओसरतो आणि इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागते. मग कोणी तरी जाणता सल्ला देतो, "इंजेक्टर मोठे बसवा." सल्ला चुकीचाच असतो असे नाही. प्रश्न एवढाच, की मोठे म्हणजे किती मोठे? या प्रश्नाचे उत्तर गॅरेजमध्ये बहुधा अंदाजाने दिले जाते. वस्तुतः ते शाळकरी गणिताने काढता येते.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी एक बारीक झडप. तिच्यामागे पंपाने दाबाखाली ठेवलेले पेट्रोल असते. गाडीतील संगणकाने वीज सोडली की झडप उघडते, तुषार उडतो. वीज बंद झाली की झडप मिटते. पूर्वीच्या कार्ब्युरेटरात आत शिरणारी हवाच आपल्या ओढीने पेट्रोल खेचून घेत असे. हवा वाढली की पेट्रोलही बरेचसे आपोआप वाढे. (तरीही जेट बदलण्याची कटकट मिस्त्रीच्या मागे होतीच.) इंजेक्टरला अशी ओढ नाही. त्याला जितका वेळ उघडे राहा म्हणून सांगितले तितकेच पेट्रोल तो देणार, आणि वेळ संपला की त्याचा उपाय संपला. विजेच्या नियंत्रणावरची ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवागनच्या गाडीवर बाजारात आणली. भारतात ती सर्वत्र रूढ झाली ती २००० च्या सुमारास, धुराचे नियम कडक झाल्यावर.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. इंजेक्टर शक्ती निर्माण करीत नाही. शक्तीची मर्यादा ठरविते ती हवा. पेट्रोलने फक्त त्या हवेला पुरावयाचे असते. एक किलो पेट्रोल संपूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा मिश्रण जरा दाट, म्हणजे साडेबारा ते तेरा किलो हवेला एक किलो पेट्रोल, असे ठेवतात. आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला हवा कोण पुरविते? केवळ वातावरणाचा दाब. टर्बोचा पंखा हवा कोंबून भरतो. तो नसेल, तर एका ओढीत सिलिंडरच्या आकारमानाहून फारशी अधिक हवा आत येऊच शकत नाही. म्हणूनच अशा इंजिनाच्या गरजेचा हिशेब करणे सोपे असते, आणि तो न करणे अक्षम्य ठरते.

उदाहरणार्थ मारुतीची एस्टीम घेऊ. ही गाडी भारतातील रॅलीच्या शर्यतींत पुष्कळ धावली आहे. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १२९८ घनसेंटिमीटरचे, आणि शक्ती ६००० फेऱ्यांना ८५ अश्वशक्ती. दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे मिनिटाला ३००० वेळा १.२९८ लिटर, एकूण सुमारे ३९०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर शेकडा ८५ च भरतात असे धरले आणि लिटरभर हवेचे वजन १.२ ग्रॅम घेतले, तर मिनिटाला सुमारे चार किलो हवा आत जाते. तिला लागणारे पेट्रोल सुमारे ३१० ग्रॅम, म्हणजे तासाला साडेअठरा किलो.

आता हाच हिशेब दुसऱ्या टोकाने करून पाहावा. टर्बो नसलेले इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल खाते. ८५ अश्वशक्तीला झाले एकोणीस किलो. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली उत्तरे इतकी जवळ आली, की हिशेबावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. त्यावरून एकोणीस किलोचे मिनिटाला ४३० घनसेंटिमीटर होतात, आणि चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी १०८. मग १०८ चाच इंजेक्टर का घेऊ नये? कारण तसे केले तर तो क्षणभरही मिटणार नाही. झडपेला उघडण्यास व मिटण्यास थोडा वेळ लागतोच, ती सतत तापते, आणि थंड हवेच्या दिवशी लागणारे जास्तीचे पेट्रोल देण्यास काही शिल्लकच उरत नाही. म्हणून उपलब्ध वेळाच्या शेकडा ८० हून अधिक काळ इंजेक्टर उघडा ठेवू नये असा प्रघात आहे. १०८ ला ०.८ ने भागले, की येतात १३५. मूळ इंजिनाचे माप हे झाले.

बदललेल्या इंजिनाचे पाहू. नव्या कॅमशाफ्टमुळे ते ७००० फेऱ्यांपर्यंत चढते आणि सिलिंडर शेकडा ९५ भरतात असे समजा. तासाला पेट्रोल लागेल साडेचोवीस किलोच्या आसपास, शक्ती येईल ११० अश्वशक्तीच्या घरात, आणि इंजेक्टर लागेल मिनिटाला सुमारे १७५ घनसेंटिमीटरचा. १३५ चे १७५. वाढ तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ज्याने मित्राच्या टर्बोच्या गाडीकडे पाहून ३५० चा आणला, त्याने दुप्पट माप उचलले.

माप कमी पडले तर होणारे नुकसान ढोबळ असते. वरच्या फेऱ्यांना मिश्रण विरळ होते, ज्वलनकक्ष तापतो, मिश्रण अवेळी भडकते (ठकठक ऐकू येते ती हीच), आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडण्यास अशी काही मिनिटे पुरतात. मोठ्या मापाचे नुकसान मात्र सावकाश आणि चोरपावलांनी येते, म्हणून त्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगावयास हवी.

गाडी सिग्नलला उभी आहे, इंजिन ८५० फेऱ्यांवर संथ चालले आहे. या वेळी ते तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. १७५ च्या इंजेक्टरने ते द्यावयाचे, तर प्रत्येक तुषार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अडीच पट काळ चालतो. ३५० च्या इंजेक्टरला सव्वा पट पुरतो. आता झडप उघडण्याच्या वेळेत एक दशांश भागाची चूक झाली, तर पहिल्यात फरक पडतो शेकडा ४ चा, दुसऱ्यात ८ चा. आणि अशी चूक होतच असते: दिवे लावले, पंखा सुरू झाला, की विजेचा दाब किंचित उतरतो आणि झडप उशिरा उघडते. शिवाय इतक्या अल्प काळात झडप धड उघडलेलीही नसते, त्यामुळे तिचे माप भरवशाचे राहत नाही. इंजिन कुंथते, गचके देते, प्लग काजळतात. सतत दाट मिश्रण गेले तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिन-ऑइल पातळ करते. मालक म्हणतो, गाडी जुनी झाली.

इंजेक्टर तेच ठेवून पेट्रोलचा दाब वाढविण्याची युक्तीही काही जण करतात. ती थोडीशीच उपयोगी पडते, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तीन बारचा दाब चार केला तर १३५ चे १५६ होतील, १७५ नव्हेत. त्यासाठी पाच बार लागतील, आणि तेथे जुना पंप बहुधा हात टेकतो.

माप ठरविताना गाडी कोठे धावणार हेही पाहावे. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावास आले, की सुमारे साडेसातशे मीटर उंची चढून होते आणि हवेचा दाब शेकडा ८ ते ९ ने उतरतो. इंदूरला हीच घट सहाच्या आसपास असते. टर्बो नसलेले इंजिन हा तोटा मुकाट्याने सोसते, आणि त्याला पेट्रोलही तेवढे कमी लागते. म्हणून बेळगावात बेताचा ठरलेला इंजेक्टर समुद्रकाठी अपुरा पडू शकतो. हिशेब नेहमी समुद्रसपाटीचा आणि थंड पहाटेचा धरावा.

मोठा इंजेक्टर बसविला हे संगणकाला आपोआप कळत नाही. तो पूर्वीइतकाच वेळ झडप उघडणार आणि शेकडा ३० पेट्रोल जास्त जाणार. ऑक्सिजन-सेन्सर ही चूक संथ चालीत काही अंशी सावरतो. पूर्ण जोरात त्याचे कोणी ऐकत नाही. तेव्हा नवे माप आणि झडपेचा नवा विलंब संगणकात भरून, धुरातील मिश्रण मोजून, गाडी डायनामोमीटरवर लावणे अटळ आहे. हे सर्व शर्यतीच्या गाडीपुरते. रस्त्यावरील नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत मालकाने मनमानी फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे.

आणि खरेदी करताना चारही इंजेक्टर एकत्र तपासून घ्यावेत. चाचणीच्या यंत्रावर चार काचेच्या नळ्यांत ते एकाच वेळी पेट्रोल सोडतात. तीन नळ्या सारख्या भरल्या आणि चौथी बोटभर मागे राहिली, तर त्या एका सिलिंडरला विरळ मिश्रण मिळणार. सेन्सर मात्र चौघांची सरासरी दाखवीत राहणार.