दोन पडदे, एक टेबल

भद्रावतीतल्या एका ऑनलाइन कामांच्या दुकानात परवा बराच वेळ बसलो होतो. डाव्या स्क्रीनवर शेतकऱ्याचा सातबारा, उजव्या स्क्रीनवर अर्ज. चालवणारा मुलगा डावीकडे गट क्रमांक वाचायचा आणि उजवीकडे टाइप करायचा. एकच स्क्रीन असती, तर दर ओळीला विंडो बदलून आकडे डोक्यात धरून ठेवावे लागले असते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये लिहिले होते, की एका वेळी माणसाच्या लक्षात साधारण सात गोष्टी राहतात. आधार क्रमांक 12 अंकी असतो. दुसऱ्या मॉनिटरचा खरा उपयोग इथे आहे: चुका कमी होतात.

पण त्या मुलाचा माऊस अडत होता. बाण डाव्या स्क्रीनवर न्यायचा, तर तो उजव्या कडेवरून बाहेर काढावा लागे. मॉनिटर जोडला की केबलमधून तो आपली ओळख संगणकाला सांगतो: किती पिक्सेल, किती सेंटिमीटर रुंद. टेबलावर आपण कुठे उभे आहोत, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते माणसानेच सांगायचे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 1 आणि 2 आकड्यांचे चौकोन दिसतात. ते माऊसने ओढून टेबलावरच्या मांडणीप्रमाणे लावले, की बाण सरळ चालू लागतो. आम्ही ते केले. दहा सेकंद लागले.

संगणकाच्या लेखी हे सगळे मिळून एकच मोठे मैदान असते. मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिच्या डावीकडे 1920 पिक्सेलची स्क्रीन ठेवली, तर तिची मोजणी उणे 1920 पासून सुरू होते. मैदान पिक्सेलमध्ये मोजले जाते, आणि घोळ तिथेच होतो. 15.6 इंची लॅपटॉप आणि 24 इंची मॉनिटर, दोघांवरही 1920 गुणिले 1080 पिक्सेल असू शकतात. नकाशात दोन्ही चौकोन सारखेच दिसतात. प्रत्यक्षात लॅपटॉपवर एका इंचात 141 पिक्सेल बसतात, मॉनिटरवर 92. म्हणून तीच अक्षरे एकीकडे बारीक आणि दुसरीकडे ठळक. लॅपटॉपचे स्केल 150 टक्के आणि मॉनिटरचे 100 टक्के ठेवले, की अक्षरे जवळजवळ सारखी होतात. आपल्या वेलांट्या-उकार वाचताना हा फरक फार जाणवतो.

दोन मॉनिटरचा वेगही वेगळा असू शकतो: एक सेकंदाला 60 वेळा चित्र ताजे करतो, दुसरा 75 वेळा. मग ते एकत्र नांदतात कसे? भद्रावतीकरांना याचे उत्तर घराजवळच सापडेल. इथल्या पॉवरग्रिडच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेच्या) केंद्राने पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांना जोडले, तेव्हा दोन्हींची लय एक नव्हती. ती 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने जुळली. तोपर्यंत इकडची एसी वीज डीसी करायची आणि पलीकडे तिकडच्या लयीत पुन्हा एसी करायची, हाच मार्ग होता. ग्राफिक्स कार्डातही असेच मधले ठिकाण असते. चित्र आधी मेमरीत तयार होते आणि प्रत्येक मॉनिटरला ते त्याच्या त्याच्या वेगाने पाठवले जाते.

एवढे झाल्यावर उरते मान. डोळ्यांना अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. बाकी सगळे पाहायला डोळे आणि मान फिरवावी लागते. दोन्ही स्क्रीन सारख्याच वापरात असतील, तर त्यांचा सांधा नाकासमोर घ्या. एक जास्त वापरात असेल, तर ती नाकासमोर ठेवा आणि दुसरी तिला चिकटवून थोडी आत वळवा. वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर.

आणि मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो कुठेच दिसेना झाली, तर ती बंद पडली असे समजू नका. ती त्या उणे आकड्यांच्या मैदानात उभी असू शकते. टास्कबारवरून ती निवडा आणि विंडोज की, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची की एकत्र दाबा. ती बहुतेक परत येईल.