अंगठा, टाच आणि काळी माती

परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावात पुरुषाच्या पायातील चपलेला जितकी कामे पडतात तितकी शहरातल्या जोडीला क्वचितच पडत असतील. सकाळी गोठ्यात, दुपारी शिवारात, सायंकाळी बाजारपेठेत आणि प्रसंग आलाच तर परतूरच्या तहसील कचेरीच्या पायरीवर तीच एक जोडी धन्यासोबत हजर असते. असे असूनही तिची निवड मात्र दुकानात उभ्या उभ्या, तळावर बोट दाबून, ‘मऊ आहे’ एवढ्या एकाच दाखल्यावर उरकली जाते. आणि हाच दाखला, माझ्या मते, सर्वांत फसवा होय.

चालताना देहाचा भार प्रथम टाचेवर येतो, पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर पसरतो आणि शेवटी अंगठ्यावरून जमिनीला रेटा देऊन निघून जातो. तळ अतिमऊ असला म्हणजे टाच त्यात रुतते, पावलाची आतली कमान निराधार होऊन खाली बसते, आणि मागे पट्टा नसल्यामुळे चप्पल निसटू नये म्हणून बोटे तिला नकळत आवळून धरतात. हे आवळणे दिवसभर चालले, की टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेल्या तळपायाच्या जाड पडद्यावर ताण येतो आणि सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्याच पावलाला कळ येते. बाजारात ‘डॉक्टर चप्पल’ या भारदस्त नावाने जे विकले जाते त्यापैकी पुष्कळशा मालाच्या बाबतीत डॉक्टरांचा संबंध नावापुरताच असतो. तेव्हा परीक्षा आपणच करावी. चप्पल दोन्ही टोकांना धरून वाकवावी. ती चवड्याच्या जागी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवावी. ओल्या फडक्यासारखी पिळता आली तर तिच्यात आधार नाही असे खुशाल समजावे. टाचेची जागा किंचित खोलगट, कमानीखाली बेताचा उंचवटा आणि पावलाभोवती थोडी कड मोकळी, इतके पाहिले म्हणजे निम्मे काम झाले. खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसभराच्या राबत्याने पाय थोडा सुजलेला असतो, आणि दोन्ही पायांत घालून पाहावी, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून मोठा असतो.

परंतु आष्टीच्या चपलेचे मरण बहुधा तळात नसते, अंगठ्याच्या पट्ट्यात असते. येथील काळी चिकण माती पावसाने फुगते आणि तळाला अशी धरून बसते, की पाय उचलावा तो चप्पल जागीच राहते आणि सारी ओढ त्या दोन बोटांमधल्या पट्ट्याच्या खालच्या बटणावर येते. हे बटण तळाच्या पातळीच्या आत बसवलेले असावे; बाहेर डोकावणारे बटण रस्त्याला घासून झिजते आणि एके दिवशी भोकातून सुटते. मग भोकाखाली पिन टोचून काम भागवण्याची तजवीज सुरू होते. ती घरापर्यंत पोहोचण्यापुरतीच मानावी. रबरी स्लीपरचे पट्टे निराळे मिळतात आणि साबणाच्या पाण्याने घरच्या घरी बसवता येतात. ही सोय ओतीव, एकजीव जोडीत नाही. आणि तुरीच्या धसकटांतून वा बाभळीखालून जायचे असेल तर उत्तम स्लीपरसुद्धा निरुपयोगी. तेथे बंद बूटच हवा.

जिन्नस कोणता, हाही हिशेब आहे. इव्हीए, म्हणजे फोमसारखे मऊ प्लॅस्टिक, वजनाला हलके, पण वापराने व उन्हाने दबते आणि दबलेले पुरते वर येत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, टिकाऊ खरे. मात्र दमट हवेत त्याचे हळूहळू विघटन होते, म्हणून लग्नकार्यासाठी जपून ठेवलेल्या जोडीचा तळ काही वर्षांनी न वापरताच भुगा होऊन पडतो. साधे रबर जड, दिसायला गरीब, पण कस धरणारे. हवाई चपलेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०७०२ हे मानक असून, खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याच्या कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती कोरड्या दिवसांत पायाच्या घडणीप्रमाणे बसत जाते, परंतु चिखलात तिला नेणे हा कारागिरावर अन्याय आहे.

मधुमेहाने ज्याच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्याच्यासाठी मात्र हा सारा विचार वेगळा. त्याला अंगठ्याचा पट्टा घासलेला कळत नाही, काटा रुतलेलाही कळत नाही. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी ज्या दिशेने काम केले, त्याच परंपरेतील एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराची चप्पल अशा रुग्णांना दवाखान्यांतून सुचवली जाते. तिला टाचेमागे पट्टा असावा आणि बोटांच्या मध्ये काहीही नसावे. शिवाय ती पायात घालण्यापूर्वी आत खडा वा काटा नाही ना, हे रोज हाताने चाचपून पाहावे.