दात काढण्याआधीची चूळ

मी गिरगावात खोताच्या वाडीत राहते. गेल्या पावसाळ्यात माझी आत्या गावाहून दाढ काढायला आमच्याकडे आली. जवळच्या दंतवैद्यांकडे गेलो. खुर्चीवर बसताच ताईंनी तिच्या हातात औषधाची छोटी वाटी दिली. म्हणाल्या, “अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवा आणि थुंका.”

आत्या म्हणाली, “अगं, मी दात घासून आलेय. मग हे कशाला?”

सांगते. आपल्या लाळेत जंतू असतात. सर्दी, फ्लू, करोना झालेल्या माणसाच्या लाळेत त्या आजाराचे विषाणूही असतात. दाताचं मशीन पाणी मारत जोरात फिरतं, तेव्हा लाळेचे बारीक तुषार हवेत उडतात. ते डॉक्टरांच्या, मदतनीस ताईंच्या नाकातोंडात जाऊ शकतात. आधी औषधाने चूळ भरली की तोंडातले जंतू थोडा वेळ कमी होतात. २०२० साली करोना आला, तेव्हापासून या चुळीकडे जास्त लक्ष गेलं.

औषधं वेगवेगळी असतात. क्लोरहेक्सिडिन दाताच्या किडीच्या, हिरड्यांच्या जंतूंवर चांगलं, विषाणूंवर कमी. तपकिरी रंगाचं पोव्हिडोन आयोडीन प्रयोगशाळेत करोनाच्या विषाणूवर काही सेकंदांत काम करताना दिसलं. पण थायरॉइड असेल, दिवस गेले असतील किंवा आयोडीन सोसत नसेल, तर आधी सांगा. आणि जखमेवर लावायची आयोडीनची बाटली वेगळी, गुळण्यांची वेगळी. अदलाबदल करू नका.

आता महत्त्वाचं. चूळ म्हणजे कवच नव्हे. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने अशा १७ अभ्यासांचा आढावा घेतला. तुषारांतले जीवाणू कमी झाले का, हे त्यांत मोजलं होतं. पण दवाखान्यातली माणसं खरंच कमी आजारी पडली का, हे एकाही अभ्यासाने तपासलं नव्हतं. शिवाय घशातले, नाकातले विषाणू चुळीने जात नाहीत. कावीळ ‘ब’ आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. तिथे उपयोगी पडतात ती वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली हत्यारं, नवी सुई आणि नवे हातमोजे. कावीळ ‘ब’साठी लसही आहे.

आमच्या आत्याचंच बघा. चूळ भरून झाल्यावर हळूच म्हणाली, “डॉक्टर, कालपासून खोकला-ताप आहे. पण आता औषध घेतलं ना तोंडात?” एसटीचं भाडं वाया जाईल म्हणून तिने आधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी तोंड तपासलं. सूज नव्हती, दुखणं सोसण्यासारखं होतं. गोळ्या दिल्या आणि ताप उतरल्यावर या म्हणाले. आत्या घरी येईपर्यंत रुसली होती. पुढच्या आठवड्यात दाढ निघाली, तीही सुखरूप. मात्र गाल सुजला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर ताप असला तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

तेव्हा मैत्रिणींनो, दंतवैद्यांकडे जाताना ताप, खोकला, कावीळ, गरोदरपण, चालू असलेली औषधं, सगळं खुर्चीत बसण्याआधी सांगा. हत्यारं निर्जंतुक केलीत का, हे विचारायला लाजू नका. चूळ दिली तर सांगतील तितका वेळ भरा, गिळू नका. आणि मनाने बाटली आणून रोज वापरू नका. क्लोरहेक्सिडिन बरेच दिवस घेतलं की दातांवर डाग पडतात, तोंडाची चव बदलते. रोजच्यासाठी आपला ब्रश पुरे. आणि मिश्री? ती आजच सोडा.